वजन परत वर कोण नेणार? गुरुत्वाकर्षणावर आपोआप फिरणाऱ्या चाकाची गोष्ट

फोनवर कधी ना कधी तो व्हिडिओ तुमच्यापर्यंत आला असेल. सायकलच्या रिंगला अर्धवट भरलेल्या पाण्याच्या बाटल्या बांधलेल्या असतात, नाहीतर बिजागऱ्यांवर हलणाऱ्या लोखंडी पट्ट्या. एक हात येतो, चाकाला हलकासा धक्का देतो आणि बाजूला होतो. चाक फिरत राहतं. शेजारचा एलईडी बल्ब लागतो. खाली मजकूर असतो: ना डिझेल, ना सोलर, ना लाईट बिल, सगळं गुरुत्वाकर्षणावर. प्रतिक्रियांमध्ये दोन तट पडतात. एक तट म्हणतो, वीज कंपन्या असे शोध दाबून टाकतात. दुसरा म्हणतो, फेक आहे. फेक का आहे, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

शाळेत ऊर्जा अक्षय्यतेचा नियम सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. तो नुसता समोरच्याच्या तोंडावर फेकून इथे भागत नाही, कारण ही कल्पना खुळचट नाही. किमान चौदाशे वर्षं ती भल्याभल्या डोक्यांना सुचत आली आहे आणि कागदावर काढली की आजही बरोबरच वाटते. त्यामुळे ती नेमकी कुठे घसरते ते एकदा नीट पाहू.

चाकामागची युक्ती

आस म्हणजे चाक ज्याभोवती फिरतं तो मधला दांडा. वजन आसापासून जितकं लांब, तितका त्याचा चाक फिरवण्याचा जोर जास्त. पुस्तकात याला बल-आघूर्ण म्हणतात. आपण 'फिरवण्याचा जोर' एवढंच म्हणू. आसापासून एक मीटरवरचं १० किलोचं वजन अर्ध्या मीटरवरच्या २० किलोला तोलून धरतं.

आता एक उभं चाक घ्या. त्याच्या उजव्या बाजूची वजनं खाली येताहेत, डाव्या बाजूची वर जाताहेत. सगळी वजनं सारखी असतील तर दोन्ही बाजू बरोबरीत राहतात आणि चाक जागेवर थांबतं. मग डोक्यात किडा वळवळतो: उजवीकडची वजनं आसापासून लांब जातील आणि डावीकडची जवळ येतील अशी काही सोय केली तर? उतरत्या बाजूचा जोर कायम जास्त, म्हणजे चाक कायम फिरणार. ही सोय हजार प्रकारे करता येते. बिजागरीवर उलटणारे हातोडे, तिरक्या खाचांतून घरंगळणारे गोळे, वाकड्या नळ्यांतला पारा, स्प्रिंगा, पाण्याच्या पिशव्या. गेल्या काही शतकांतली शेकडो चाकं ही याच एका कल्पनेची वेगवेगळी रूपं आहेत.

सात हातोडे

युरोपातल्या जुन्या चित्रांपैकी एक तेराव्या शतकातल्या विलार द ओनकूर या फ्रेंच कारागिराच्या वहीत आहे, साधारण १२३० च्या सुमाराचं. दोन खांबांमध्ये एक चाक, त्याच्या कडेला सात हातोडे. आपोआप फिरणारं चाक कसं करावं यावर उस्तादांनी पुष्कळ वाद घातला आहे, असं लिहून तो उपाय सांगतो: हातोडे विषम संख्येनं लावा, नाहीतर पारा वापरा. विषम संख्या कशासाठी, हे ताडता येतं. उतरत्या बाजूला नेहमी चार आणि चढत्या बाजूला तीन राहावेत, असा त्याचा होरा असणार.

प्रत्यक्षात उलटं होतं. चढत्या बाजूचा हातोडा चाकाच्या टोकावर पोचला तरी लगेच पलटत नाही. पलीकडे बराच झुकल्यावर एकदम आपटतो. त्यामुळे कुठल्याही क्षणी नीट मोजलं तर उतरत्या बाजूला हातोडे लांब पसरलेले, पण संख्येनं कमी. चढत्या बाजूला आसाजवळ लोंबणारे, पण संख्येनं जास्त. समजण्यापुरते आकडे घेऊ. उजवीकडे ३ हातोडे सरासरी ४० सेंटिमीटरवर: ३ गुणिले ४०, म्हणजे १२०. डावीकडे ४ हातोडे सरासरी ३० सेंटिमीटरवर: तेही १२०. लांबीनं जे कमावलं ते संख्येनं गमावलं. धक्का दिल्यावर चाक एखाद-दोन हातोडे पलटवतं, थोडं पुढे जातं, थोडं मागे येतं आणि विसावतं.

कागदावर हे दिसत नाही, कारण चित्र काढताना आपली नजर लांब पसरलेल्या हातोड्यांवर खिळते. डावीकडची गर्दी कुणी मोजत नाही.

यावर संशोधक म्हणतो, ठीक आहे, हातोडे जमले नाहीत, मी खाचांचा आकार बदलतो. खाचा जमल्या नाहीत तर स्प्रिंग लावतो. प्रत्येक नव्या रचनेची अशी वेगळी मोजदाद करत बसलो तर जन्म पुरणार नाही. म्हणून दुसरी वाट धरू. तिला चाकाच्या आत डोकावण्याची गरजच पडत नाही.

उंचीचा हिशोब

राजगडावर पाली दरवाज्यानं चढा किंवा गुंजवण्याच्या बाजूनं चोरदिंडीनं. एक वाट ऐसपैस, दुसरी छातीवर येणारी. पायांना फरक कळतो, दमही वेगळा लागतो. पण गुरुत्वाकर्षणाशी झालेला व्यवहार फक्त दोन गोष्टींवर ठरतो: तुमचं वजन आणि तुम्ही किती उंची चढलात. आडवं चालल्याचा गुरुत्वाकर्षण एक पैसाही घेत नाही आणि देतही नाही. एका वाटेनं चढून दुसरीनं उतरलात आणि निघालात तिथेच परत आलात, तर चढताना दिलेलं आणि उतरताना मिळालेलं तंतोतंत सारखं. कमी उंचीची चढण आणि जास्त उंचीची उतरण असलेला गड अजून कुणी बांधलेला नाही.

चाकावरचं प्रत्येक वजन हेच करतं. ते आसापासून लांबून उतरो, जवळून चढो, मध्ये घरंगळो किंवा आपटो. एक फेरा पूर्ण झाला की ते पहिल्या उंचीवर परत आलेलं असतं. एक किलो वजन एक मीटर खाली आलं की साधारण ९.८ ज्यूल ऊर्जा मिळते. ऊर्जा म्हणजे काम करून घेण्याची क्षमता, आणि ज्यूल हे तिचं माप. तेच वजन एक मीटर वर न्यायला तेवढेच ९.८ ज्यूल लागतात. फेऱ्याच्या शेवटी शिल्लक शून्य. त्यात आस घासला जातो, हवा अडवते, हातोडे आपटून आवाज करतात, सगळं किंचित तापतं. हा खर्च वजा केला की चाक दर फेऱ्याला तोट्यात असतं, आणि तो तोटा सुरुवातीच्या धक्क्यातून भागवला जातो. धक्का संपला की चाक संपलं.

म्हणून समोर कितीही गुंतागुंतीचं यंत्र आलं तरी एक प्रश्न पुरतो: खाली आलेलं वजन परत वर कोण नेतं? ज्याचं नाव उत्तरात येईल, तो त्या यंत्राचा खरा इंजिनवाला.

आणखी एक आकडा सांगतो, कारण 'गुरुत्वाकर्षणात अफाट शक्ती आहे' हे वाक्य फार ऐकू येतं. लाईट बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. १०० किलोचं पोतं त्या शिखरापासून समुद्रसपाटीपर्यंत उतरवलं आणि वाटेत एक थेंबही ऊर्जा वाया घालवली नाही, तर हाती येतात सुमारे ०.४५ युनिट. घरातला ७५ वॉटचा पंखा त्यावर सहा तास फिरेल. आणि मग ते पोतं परत कळसूबाईवर न्यायचं आहे.

भास्कराचार्यांचं चाक

अशा व्हिडिओंच्या बाजूनं बोलणारे कधी कधी भास्कराचार्यांचा दाखला देतात. दाखला खोटा नाही. ११५० सालच्या 'सिद्धांतशिरोमणी'त, गोलाध्यायातल्या यंत्राध्यायात, स्वयंवह यंत्राचं वर्णन आहेच. हलक्या लाकडाचं चाक करावं, त्याच्या घेरात सारख्या अंतरावर, सारख्या छिद्राच्या पोकळ नळ्या किंचित तिरप्या बसवाव्यात, त्या पाऱ्यानं अर्ध्या भराव्यात. दोन खांबांवर आस टेकवला की चाक आपणहून फिरतं. दुसऱ्या एका रचनेत कडेच्या खोबणीत पारा आणि पाणी भरायला सांगितलं आहे.

ही कल्पना त्यांची स्वतःची नव्हे. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली पाऱ्याचं चाक सांगितलं होतं, लल्ल या ज्योतिर्विदानंही अशी यंत्रं सांगितली होती. ज्योतिर्विदांना वेळ मोजायला आणि खगोलाची प्रतिकृती फिरवायला एकसारखी गती हवी होती. घड्याळ नसलेल्या काळात ही गरज खरी होती. आणि पाराच का? तो जड, वाहता आणि नळीत झटकन सरकणारा. पण सरकणारा पारा म्हणजे पलटणारा हातोडाच. उतरत्या बाजूला तो कडेकडे जातो, चढत्या बाजूला आसाकडे, आणि सगळ्या पाऱ्याचा मिळून गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जणू जिथे एकवटतं तो बिंदू, आसाच्या खाली जिथे सर्वांत खोल बसेल तिथे बसतो. एकदा बसला की त्याला हलायचं कारण उरत नाही.

भास्कराचार्य स्वतः याबद्दल काय म्हणतात, हे मात्र पुढे पाठवणाऱ्यांनी वाचलेलं दिसत नाही. आपोआप फिरणारी पुष्कळ यंत्रं हातचलाखीवर चालतात, असं ते स्पष्ट सांगतात. आणि पूर्वीच्या आचार्यांनी सांगितली म्हणूनच आपण ही इथे नोंदली, असंही. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला गोल, शंकू, घटी, चक्र अशी वेधाची यंत्रं मोजून झाल्यावर ते लिहितात, 'धीरेकं पारमार्थिकं यन्त्रम्', बुद्धी हेच एक खरं यंत्र. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातवानं, चांगदेवानं, मठ काढला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. भास्कराचार्यांचा अभिमान बाळगायला त्यांचं गणित पुरेसं आहे. पाऱ्याच्या चाकाचं ओझं त्यांच्यावर टाकायची गरज नाही.

कासेलच्या किल्ल्यातले ५४ दिवस

या विषयावर वाद घालणाऱ्यांचा हुकमी एक्का मात्र जर्मन आहे. योहान बेसलर, स्वतःला ऑर्फिरेउस म्हणवून घेणारा. १७१२ मध्ये गेरा गावात त्यानं पहिलं चाक दाखवलं, मग द्राश्विट्झ, मेर्सेबुर्ग, आणि शेवटी कासेल. दर वेळी चाक आधीपेक्षा मोठं. थोर गणिती लायब्निझ १७१४ मध्ये चाक बघून गेला. हेसे-कासेलच्या राजानं, लँडग्राफ कार्लनं, बेसलरला आश्रय दिला. कासेलचं चाक बारा फूट व्यासाचं, बाहेरून मेणकापडानं झाकलेलं, मिनिटाला पंचवीसेक फेरे घेणारं.

१२ नोव्हेंबर १७१७ ला चाक सुरू करून खोलीला कुलूप लावलं, मोहर केली. दोन आठवड्यांनी उघडलं, चाक फिरत होतं. पुन्हा बंद केलं. ४ जानेवारी १७१८ ला उघडलं, तेव्हाही फिरत होतं. दोन्ही टोकांचे दिवस धरून ५४ दिवस. चाकाचं रहस्य त्यानं विकायला काढलं होतं, किंमत एक लाख थालर, म्हणजे तिथली चांदीची नाणी. आधी पैसे, मग झाकण उघडणार.

१७२१ मध्ये डच पदार्थवैज्ञानिक विलेम स ग्रावेसांडे तिथे गेला, त्यानं चाक बाहेरून आणि आस बारकाईनं तपासला, आणि आपल्याला फसवणूक दिसली नाही असं न्यूटनला कळवलं. हा माणूस भोळा नव्हता. वेगात असलेल्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्यानं मातीत पितळी गोळे टाकून दाखवून दिलं. पण ऊर्जेचा पक्का नियम अजून सव्वाशे वर्षं लांब होता, आणि असं चाक अशक्यच आहे असं त्याला वाटत नव्हतं. तपासणी झाल्यावर बेसलर भडकला, हा पैसे न देता रहस्य काढून घ्यायला आला म्हणाला, आणि स्वतःच्या हातानं चाक फोडून टाकलं.

१७२७ मध्ये त्याच्या घरातल्या माजी मोलकरणीनं जबाब दिला की शेजारच्या खोलीतून एक दांडा फिरवून आम्ही पाळीपाळीनं ते चाक चालवायचो. तिच्या जबाबावर बेसलरचे चाहते आजही शंका घेतात. नोकरी सोडलेल्या बाईची साक्ष, ती खरी कशावरून? मला हा मुद्दा रास्त वाटतो, पण त्यानं काही बदलत नाही. मोलकरीण खोटं बोलली असं धरलं तरी उंचीचा हिशोब तिच्या साक्षीवर उभा नाही. ज्याच्या आत तपासणाऱ्यांना पाहू दिलं जात नाही, जे विकत घेतल्याशिवाय उघडत नाही आणि नीट तपासताच फोडलं जातं, त्या यंत्राचं पारडं आधीच हलकं आहे. बेसलर १७४५ मध्ये मेला, पवनचक्की बांधताना वरून पडून.

बेसलरच्या पहिल्या चाकानंतर शंभर वर्षांनी अमेरिकेत चार्ल्स रेडहेफर नावाचा माणूस उगवला. फिलाडेल्फियात १८१२ मध्ये त्याचं यंत्र बघायला लोक तिकीट काढून येत. तिथे दातेरी चाकांची झीज चुकीच्या बाजूला आहे, हे एका मुलाच्या लक्षात आलं. म्हणजे यंत्र ज्या चाकाला फिरवतं असं सांगितलं जात होतं, तेच चाक यंत्राला फिरवत होतं. रेडहेफर न्यूयॉर्कला सरकला. १८१३ मध्ये आगबोटवाला रॉबर्ट फुल्टन ते बघायला गेला आणि त्याचा कान आधी टवकारला: चाल एकसारखी नव्हती, हँडल मारल्यावर येते तशी हेलकावे खाणारी होती. त्यानं भिंतीजवळच्या फळ्या उखडल्या. आत तातीचा पट्टा निघाला. त्याचा माग काढत मंडळी माळ्यावरच्या खोलीत पोचली, तर तिथे एक दाढीवाला म्हातारा एका हातानं पाव खात दुसऱ्या हातानं हँडल फिरवत बसला होता.

'घर्षण पूर्ण काढून टाकलं तर?'

तर चाक फिरत राहील. यात काही अशक्य नाही. १९७७ मध्ये सोडलेलं व्हॉयेजर-१ आजही इंजिनाच्या रेट्याशिवाय पुढे जातंय, कारण अवकाशात अडवणारं जवळपास काही नाही. पण फिरत राहणं वेगळं आणि काम देणं वेगळं. बिनघर्षणाच्या चाकाला तुम्ही धक्का देऊन जेवढी ऊर्जा दिलीत तेवढीच त्यात आहे. त्यावर बल्ब लावलात की ती बाहेर पडू लागते आणि चाक मंदावतं. घर्षण घालवून तोटा थांबतो. नफा सुरू होत नाही. चांगल्या बेअरिंगवरचं सायकलचं चाक बराच वेळ फिरतं आणि व्हिडिओ दोन मिनिटांचा असतो, हेही लक्षात असू द्या.

'चुंबक लावले तर? फ्लायव्हील जोडलं तर?'

कायम चुंबकाचा हिशोबही उंचीसारखाच बंद वर्तुळाचा. वजनाला ओढून घेताना चुंबक जेवढं देतो, तेवढंच वजन त्याच्यापासून सोडवून पुढे नेताना वसूल करतो. पुष्कळ मॉडेलं नेमकी त्या सोडवण्याच्या जागी अडकून उभी राहतात.

आपल्याकडे जास्त चालतो तो दुसरा प्रकार: मोटर फ्लायव्हील, म्हणजे गती साठवणारं जड चाक, फिरवते, फ्लायव्हील अल्टरनेटर फिरवतं, अल्टरनेटरची वीज मोटरला परत आणि उरलेली घराला. समजा, मोटर आणि अल्टरनेटर दोन्ही ८५ टक्के कार्यक्षम आहेत. मोटरला १०० दिले तर फ्लायव्हीलपर्यंत ८५ पोचतात आणि अल्टरनेटरमधून ७२ बाहेर येतात. मोटरला परत १०० हवे आहेत. घराला द्यायचं राहू द्या, मोटरलाच २८ कमी पडले. फ्लायव्हील कितीही जड असो, ते साठवतं, बनवत नाही. उलट जडपणामुळे ते बंद पडायला जास्त वेळ घेतं आणि बघणाऱ्याची फसगत सोपी होते.

'धरणाची वीज तर गुरुत्वाकर्षणाचीच ना?'

हा सगळ्यांत चांगला आक्षेप. कोयनेच्या १९६० मेगावॉटच्या प्रकल्पात पाणी उंचावरून पडतं आणि जनित्र फिरतं, मग तिथे गुरुत्वाकर्षण कसं चालतं? तोच प्रश्न विचारा: पाणी परत वर कोण नेतं? सूर्य. तो समुद्राची वाफ करतो, वारं ती सह्याद्रीवर आणून ओततं. कोयना हे खरं तर सूर्यावर चालणारं चाक आहे. गुरुत्वाकर्षण मधला गडी.

सूर्याची वाट न बघता पाणी आपणच वर नेलं तर काय होतं, तेही महाराष्ट्रात बघायला मिळतं. सह्याद्रीतल्या घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. वर एक जलाशय, सुमारे ४०० मीटर खाली दुसरा. मागणी जास्त असताना पाणी खाली सोडून वीज करायची, मागणी कमी असताना ग्रीडची वीज वापरून तेच पाणी पंपानं वर चढवायचं. बंद वर्तुळ, तेच पाणी, तेच वर-खाली. आपोआप फिरणाऱ्या चाकाला याहून मोठी आणि याहून चांगल्या इंजिनिअरांनी बांधलेली संधी मिळणार नाही. आणि तरी असे प्रकल्प पंपाला जेवढी वीज देतात तिच्या साधारण तीन चतुर्थांश ते चार पंचमांश परत मिळवतात. तोट्यातला धंदा मग कशाला? संध्याकाळच्या युनिटची गरज दुपारच्या किंवा मध्यरात्रीच्या युनिटपेक्षा जास्त असते म्हणून. सौर आणि पवन वीज वाढतेय तशी ही साठवण जास्त लागणार आहे, त्यामुळे राज्यात अशा प्रकल्पांची चर्चा सतत असते. ते वीजनिर्मितीचे कारखाने नाहीत, कोठारं आहेत. बातमीत मेगावॉटचा आकडा वाचताना हे सोबत वाचावं.

'पृथ्वी फिरते, चंद्र फिरतो, त्यांना कोण ढकलतं?'

कुणी नाही, अवकाशात अडवणारं नगण्य, म्हणून ते फिरतात. व्हॉयेजरचाच प्रकार. पण त्यांच्याकडून काम घ्यायला लागलं की तेही मंदावतात, आणि हे आपण खरोखर करतो.

उंचीचा हिशोब शून्यावर येतो, कारण चाकाच्या एका फेऱ्यात गुरुत्वाकर्षण बदलत नाही. समजा, रात्री ते एक टक्क्यानं कमी झालं असतं. मग वजनं रात्री चढवायची आणि दिवसा उतरवायची. दर दिवशी थोडा नफा. चाक चाललं असतं! जर्मन गणिती एमी नोएदर हिनं १९१८ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच आहे: निसर्गाचे नियम काल-आज-उद्या सारखे असतील तर ऊर्जा टिकून राहते.

समुद्रकिनारी मात्र गुरुत्वाकर्षणाची ओढ खरंच वेळेनुसार बदलते, चंद्र-सूर्याच्या जागेप्रमाणे. तिथे पाणी आपोआप चढतं, आपोआप उतरतं. फ्रान्समध्ये रांस नदीच्या मुखाशी १९६६ पासून भरती-ओहोटीवर चालणारा २४० मेगावॉटचा प्रकल्प आहे. किंमत कोण देतं? पृथ्वीची स्वतःभोवतीची फिरकी. भरतीच्या पाण्याच्या घर्षणानं दिवस शतकाला साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबतोय, आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब सरकतोय. चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून हे मोजलेलं आहे. त्यातला बहुतेक वाटा समुद्राचा स्वतःचा. रांसचा त्यात हिशोबातही धरण्याजोगा नाही.

'विज्ञानच चुकलं असेल तर?'

विज्ञान चुकतं आणि सुधारतं, हे खरं. पण इथे क्रम लोकांना वाटतो त्याच्या उलटा आहे. आधी नियम झाला आणि मग चाकांवर बंदी आली, असं घडलेलं नाही. आधी चाकं शेकड्यांनी फसली, त्यावरून शहाण्यांनी काही ताडलं आणि नियम त्यातून घडला.

१५८६ मध्ये सिमोन स्टेव्हिन या फ्लेमिश इंजिनिअरनं एक त्रिकोणी ठोकळा कल्पिला, ज्याची एक उतरण दुसरीच्या दुप्पट लांब. त्यावर चौदा सारख्या गोळ्यांची माळ गळ्यातल्या हारासारखी टाकली. लांब उतरणीवर चार गोळे, आखूड उतरणीवर दोन, उरलेले खाली लोंबतात. चार गोळे दोघांना ओढून नेतील? नेले तर माळ सरकेल, पण सरकूनही चित्र तसंच राहील, मग ती कायम सरकत राहील. हे होत नाही, म्हणून चार आणि दोन एकमेकांना तोलतात. उतरणीवर वजन किती ओढतं याचा नियम त्यानं आपोआप फिरणारी माळ अशक्य आहे एवढ्याच आधारावर काढला. शिवाय तो नियम मोजून पाहता येतो आणि बरोबर येतो. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं १७७५ मध्ये ठरवलं की शाश्वत गतीचे, म्हणजे आपोआप चालत राहणाऱ्या यंत्रांचे, प्रस्ताव यापुढे तपासणार नाही. मायर, ज्यूल आणि हेल्महोल्ट्झ यांनी ऊर्जेचा नियम मांडला तो त्यानंतर, १८४० च्या दशकात.

'पण त्यांनी पेटंटचा अर्ज केलाय'

अर्ज कुणीही करू शकतं. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ चा पहिलाच खंड सांगतो की प्रस्थापित नैसर्गिक नियमांच्या उघड विरुद्ध दावा करणारी गोष्ट शोध मानली जाणार नाही. अमेरिकेचं पेटंट कार्यालय सहसा चालतं मॉडेल मागत नाही. शाश्वत गतीच्या दाव्यांना मात्र ते मागू शकतं. 'अर्ज दाखल' हे शब्द माहितीपत्रकावर ठळक दिसले तर त्यांचा अर्थ फी भरली आहे, एवढाच.

असं यंत्र घेऊन कुणी भागीदारी किंवा आगाऊ रक्कम मागायला आलं, तर भौतिकशास्त्रावर हुज्जत घालू नका. यंत्र उचलून तुमच्या जागेत, भिंतीपासून दूर, मोकळ्या फरशीवर ठेवायला सांगा. त्याला १० वॉटचा एक बल्ब जोडा आणि दार लावून आठवडाभर तसंच राहू द्या. सात दिवसांत तो बल्ब १.६८ युनिट खातो. घरगुती इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या पूर्ण चार्ज बॅटरीत साधारण १.८ युनिट असतात. तेवढी बॅटरी दोन माणसांनी उचलावी लागते. स्टँडच्या पाइपात ती लपत नाही.